पाठीवरचा वारा आणि वाटेवरचे धुके

नकाशासंग्रह उघडा आणि उत्तर अमेरिकेचा पश्चिम किनारा काढा. सॅन फ्रान्सिस्को सापडले की तेथून बोट किनाऱ्याकिनाऱ्याने वायव्येकडे सुमारे सव्वादोनशे किलोमीटर सरकवा. तेथे फोर्ट ब्रॅग नावाचे लहानसे गाव आहे. त्याच्या दक्षिणेस त्याहूनही लहान असे वालाला गाव आहे. (नकाशात याचे स्पेलिंग ‘जी’ने सुरू होते, पण तेथील लोक ‘वालाला’च म्हणतात.) या दोन गावांमधला रस्ता सुमारे ९५ किलोमीटरचा. कॅलिफोर्निया राज्याचा हा क्रमांक १ चा महामार्ग बहुतेक सगळा समुद्राच्या काठाकाठाने जातो. कॅनडाच्या सीमेपासून मेक्सिकोच्या सीमेपर्यंत सायकलने जाणारे लोक याच रस्त्याने जातात, आणि कॅरियरच्या दोन्ही अंगांना पिशव्या लटकवलेल्या सायकलीवर एवढे अंतर म्हणजे एका दिवसाची मजल. आपण हा एकच दिवस घेऊ, जुलै महिन्यातला.

जुलै हा तिकडचा ऐन उन्हाळा. पण फोर्ट ब्रॅगला सकाळी तंबूबाहेर डोके काढणाऱ्याला ऊन दिसत नाही. दिसते ते राखाडी धुके. तंबूचे कापड ओलेचिंब, सायकलची सीट ओली, हवा बारा अंश सेल्सियसच्या आसपास. दुपारीदेखील येथे पारा १७-१८ अंशांच्या वर क्वचितच चढतो. आता गंमत पहा. किनाऱ्यापासून पन्नासएक किलोमीटर आत, डोंगरापलीकडे, युकाया नावाचे गाव आहे. तेथे त्याच दुपारी ३३-३४ अंश तापमान असते आणि आकाश निरभ्र असते. ठाण्याहून कर्जतला जावे एवढ्या अंतरात हवा पंधरा अंशांनी बदलते. हे का होते, आणि त्या धुक्यातून सायकल चालवणाऱ्याने काय जाणून असले पाहिजे, हे आपल्याला पाहायचे आहे. दुसऱ्या प्रश्नावर जीव अवलंबून असतो, म्हणून त्यावर जरा जास्त वेळ थांबू.

उत्तरेकडून दक्षिणेकडेच का?

या किनाऱ्यावर लांब पल्ल्याचे बहुतेक सगळे सायकलस्वार उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना दिसतात. कारण साधे आहे. उन्हाळ्यात येथे वारा वायव्येकडून, म्हणजे किनाऱ्याला समांतर असा वाहतो. दक्षिणेकडे जाणाऱ्याच्या तो पाठीवर येतो.

पाठीवरचा वारा किती मदत करतो याचा हिशेब अवघड नाही. सायकल, स्वार आणि सामान मिळून १०० किलोग्रॅम धरू. सपाट रस्त्यावर ताशी २० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५.५६ मीटर या वेगाने जायचे आहे. टायर रस्त्यावर घरंगळताना जो विरोध होतो तो अशा सायकलीला सुमारे ६ न्यूटन असतो. हवेचा विरोध सापेक्ष वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वारा पडलेला असेल तर पिशव्या लावलेल्या सायकलीला तो साडेअकरा न्यूटनच्या जवळ जातो. दोन्हींची बेरीज १७.४ न्यूटन. तिला वेगाने गुणले की शक्ती मिळते: ९७ वॅट. सेकंदाला चार मीटरचा वारा पाठीवर असेल तर हवेच्या दृष्टीने सायकलचा वेग दीड मीटरच राहतो, हवेचा विरोध एक न्यूटनच्या खाली येतो, आणि ३८ वॅटमध्ये काम भागते. तोच वारा समोरून आला तर? सापेक्ष वेग साडेनऊ मीटर, हवेचा विरोध ३४ न्यूटन आणि लागणारी शक्ती २२२ वॅट. धट्टाकट्टा माणूस दिवसभर शंभर वॅट देऊ शकतो. २२२ वॅट दिवसभर देणे हे शर्यतीत भाग घेणाऱ्यांचे काम. एकच रस्ता, एकच वारा. फक्त दिशा उलटी केली तर श्रम जवळजवळ सहापट होतात.

दक्षिणेकडे जाण्याचा आणखी एक फायदा आहे. अमेरिकेत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे दक्षिणेकडे जाणाऱ्याला समुद्र लगत मिळतो. आपल्या कोकणात आपण डावीकडून चालतो, म्हणून समुद्राच्या अंगाने जायचे तर उत्तरेकडे तोंड करून निघायला हवे.

तोच वारा, तेच धुके

आता महत्त्वाची गोष्ट. सायकलला मागून ढकलणारा हा वायव्येचा वारा आणि वाटेवरचे धुके या दोन स्वतंत्र गोष्टी नाहीत. धुके बऱ्याच अंशी याच वाऱ्याची करणी आहे.

वारा समुद्राच्या पृष्ठभागावरून वाहतो तेव्हा वरच्या थरातल्या पाण्याला ओढत नेतो. पण पृथ्वी फिरते आहे. नान्सेन हा नॉर्वेचा संशोधक १८९३ ते १८९६ या काळात ‘फ्राम’ जहाजातून उत्तर ध्रुवाकडील बर्फाळ समुद्रात होता. बर्फ वाऱ्याच्या नेमक्या दिशेने न वाहता थोडा उजवीकडे वाहतो, असे त्याला आढळले. स्वीडनच्या एकमान या शास्त्रज्ञाने १९०५ साली त्याचे गणित मांडले. त्यातून असे निघाले की उत्तर गोलार्धात वरच्या थरातले पाणी एकंदरीने वाऱ्याच्या दिशेशी उजवीकडे काटकोन करून सरकते. आता आपल्या किनाऱ्यावर हे लावून पहा. वारा वायव्येकडून आग्नेयेकडे वाहतो. आग्नेयेकडे तोंड करून उभे राहा; तुमचा उजवा हात नैर्ऋत्येकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर, भर समुद्राकडे जाईल. पृष्ठभागावरचे पाणी तिकडे निघून जाते. त्याची जागा घ्यायला किनाऱ्यापासून दुसरे पाणी येऊ शकत नाही, कारण तेथे जमीन आहे. ते येते खालून, आणि खोलवरचे पाणी थंड असते. म्हणून भर उन्हाळ्यात या किनाऱ्यालगत समुद्राचे तापमान १० ते १२ अंशच राहते, तर काही शेकडो किलोमीटर दूर खुल्या समुद्रात ते १५ अंशांच्या वर असते.

दूरच्या, जरा उबदार पाण्यावरून आलेली दमट हवा या थंड पट्ट्यावर येते आणि खालून निवते. बारा अंशांच्या संपृक्त हवेत दर घनमीटरला १०.७ ग्रॅम बाष्प असते, अकरा अंशांच्या हवेत सुमारे १० ग्रॅम. म्हणजे संपृक्त हवा एक अंश निवली की घनमीटरमागे दोन-तृतीयांश ग्रॅम पाणी बाहेर पडते. धुके व्हायला एवढेही लागत नाही. दर घनमीटरला ०.१ ग्रॅम पाणी म्हणजे चांगले दाट धुके, आणि त्याला अंशाचा सहावा-सातवा भाग निवणे पुरते.

एक प्रश्न राहतो: ही ओली हवा वर जाऊन पांगत का नाही? कारण तिच्यावर झाकण असते. उन्हाळ्यात उत्तर पॅसिफिकवर जास्त दाबाचे मोठे क्षेत्र ठाण मांडून असते. तेथे वरची हवा सावकाश खाली बसते, आणि खाली येताना दाबली जाऊन तापते. सायकलचा पंप मारताना नळीचे टोक गरम होते, तसेच थोडेसे. अशी तापलेली हलकी हवा वर आणि थंड जड हवा खाली, अशी उलटी मांडणी झाली की अभिसरण थांबते. हे झाकण बहुधा तीनशे ते पाचशे मीटर उंचीवर असते. डोंगर त्याहून उंच असल्याने धुके किनाऱ्यावर अडून राहते आणि युकायाला ऊन पडते. धुक्याचा माथा अवकाशाकडे उष्णता बाहेर टाकून आणखी थंड होतो, त्यामुळे एकदा बसलेले धुके लवकर उठत नाही. मात्र वारा फारच जोराचा झाला तर वरची कोरडी हवा खाली मिसळते आणि धुके फाटते. वारा मंदावला की थंड पाण्यावर ते पुन्हा जमते.

आपल्याकडे असे का होत नाही, असा प्रश्न वर्गात हमखास येईल. कोकणालगतचा समुद्र जूनच्या सुरुवातीला २८ अंशांच्याही वर असतो, म्हणून त्यावरची हवा निवण्याऐवजी ऊब आणि बाष्प घेऊन वर चढते. पावसाळ्यात महाबळेश्वरला आपण ज्याला धुके म्हणतो तो डोंगरावर टेकलेला ढग. हिवाळ्यात पहाटे देशावरच्या शेतांत दिसते ते रात्री जमीन निवल्यामुळे होणारे धुके. पण कॅलिफोर्नियाच्या धुक्याचा एक सख्खा भाऊ अरबी समुद्राच्याच पलीकडच्या काठावर आहे. आपल्याला पाऊस देणारा नैर्ऋत्य मोसमी वारा ओमानच्या किनाऱ्याला समांतर वाहतो, तेथेही खालचे थंड पाणी वर येते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये सलालाभोवतीचे डोंगर धुक्याने व रिमझिमीने हिरवे होतात. वाळवंटी अरबस्तानात!

किती लांबचे दिसते?

सायकलस्वार आता रस्त्याला लागला आहे. रस्ता समुद्रकाठच्या सपाट पायऱ्यांवरून जातो आणि नदी आली की वळणे घेत तिच्या मुखाकडे उतरतो, पूल ओलांडून पुन्हा चढतो. कोकणातल्या सड्यावरून खाडीत उतरावे आणि पलीकडच्या सड्यावर चढावे, अगदी तसा. ॲल्बियन येथे नदीवर १९४४ साली बांधलेला उंच लाकडी पूल आहे. युद्धाच्या काळात पोलाद मिळत नव्हते. वर कडेला दाट धुके आणि खाली खाडीत मोकळे, असे पुष्कळदा होते, कारण धुक्याचा थर म्हणजे खरे तर खाली उतरलेला ढगच, आणि त्याचा तळ काही ठिकाणी जमिनीपासून थोडा वर असतो. त्यामुळे दर चढ-उताराला दिसण्याचे अंतर बदलते. हीच धोक्याची गोष्ट. खाली सगळे स्वच्छ दिसत असताना मोटार चालवणाऱ्याने वेग वाढवलेला असतो, आणि चढ संपता संपता तो एकदम ढगात शिरतो.

धुक्यातून किती लांबचे दिसते? हा हिशेब तुम्ही स्वतः करून पहाच. आपल्या धुक्यात दर घनमीटरला ०.१ ग्रॅम पाणी आहे आणि थेंबांचा व्यास १० मायक्रोमीटर, म्हणजे केसाच्या जाडीच्या सातव्या भागाइतका आहे, असे धरा. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरले की घनमीटरमध्ये सुमारे १९ कोटी थेंब निघतात. प्रत्येक थेंब समोरून एक बारीकशी चकती दिसतो. सगळ्या चकत्यांची मिळून सावली भरते सुमारे १५० चौरस सेंटिमीटर. एक चौरस मीटर म्हणजे दहा हजार चौरस सेंटिमीटर, तेव्हा एक मीटर धुके प्रकाशाचा दीड टक्का भाग अडवते. प्रत्यक्षात थेंबाच्या कडेजवळून जाणारा प्रकाशही विवर्तनाने वाटेतून बाजूला वळतो, आणि थेंब आपल्या दुप्पट चकतीएवढे काम करतो. म्हणून ३ टक्के धरू.

म्हणजे दर मीटरला प्रकाश ०.९७ पट होत जातो. समोरच्या वस्तूची तिच्या पार्श्वभूमीशी असलेली तफावत दोन टक्क्यांवर आली की ती दिसेनाशी होते, असे साधारणपणे मानतात. तर ०.९७ चा कितवा घात ०.०२ होतो? लॉगॅरिथमचे कोष्टक घ्या. उत्तर येते १३० च्या जरा अलीकडे. या धुक्यात १३० मीटरपलीकडचे काही दिसणार नाही.

आता तेवढेच पाणी अर्ध्या मिलिमीटर व्यासाच्या रिमझिमीच्या थेंबांत वाटा. थेंबाचा व्यास पन्नासपट झाला, त्यामुळे तेवढ्याच पाण्याची एकूण सावली पन्नासाव्या भागावर आली. घनमीटरमध्ये १९ कोटींऐवजी फक्त दीड हजार थेंब उरले, आणि दिसण्याचे अंतर पन्नासपट झाले: साडेसहा किलोमीटर. पावसातून पलीकडचा डोंगर दिसतो आणि धुक्यातून पलीकडचे झाड दिसत नाही, याचे कारण पाण्याचे प्रमाण नव्हे, त्याचे तुकडे.

येथे शिक्षकांना एक विनंती. ‘लाल रंग कमी विखुरतो, म्हणून धुक्यातून लाल दिवा जास्त लांबून दिसतो’ हे वाक्य पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळते. ते हवेच्या रेणूंबद्दल खरे आहे, कारण रेणू प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा फार लहान असतात. धुक्याचा थेंब तरंगलांबीच्या पंधरा-वीसपट मोठा असतो आणि सगळे रंग जवळजवळ सारखेच विखुरतो. म्हणूनच तर धुके पांढरे दिसते. मागचा दिवा लाल असावा हे खरे, पण ते वाहनाची पाठ कोणती हे ओळखण्याच्या संकेतासाठी.

आता मोटारीकडे वळू. या रस्त्यावर खुल्या भागात वेगाची मर्यादा ताशी ५५ मैल, म्हणजे सेकंदाला सुमारे २५ मीटर आहे. सायकल त्याच दिशेने ५ मीटरने चालली आहे, तेव्हा मोटार तिच्याकडे सेकंदाला २० मीटरने येते. चालकाला सायकल दिसल्यावर ब्रेकवर पाय पडायला दीड सेकंद धरा. तेवढ्यात ३० मीटर संपले. पुढे ओल्या रस्त्यावर दर सेकंदाला ५ मीटर या दराने वेग कमी होत असेल तर सायकलच्या वेगापर्यंत येण्यात आणखी ४० मीटर जातात. एकूण ७० मीटर. दृश्यता १३० मीटर असेल तर चालकाकडे शिल्लक आहे. दृश्यता ६० मीटर असेल तर तो कितीही कुशल असला तरी गणित त्याच्या विरुद्ध आहे.

मग प्रखर दिवा लावावा? जरूर लावावा, पण त्यावर विसंबू नये. दिव्याचा प्रकाशही त्याच ०.९७ च्या नियमाने घटतो. दिवा दहापट तेजस्वी केला तर तो दहापट लांबून दिसत नाही. आपल्या धुक्यात फार तर सत्तर-पंच्याहत्तर मीटर जास्त लांबून दिसेल, आणि ६० मीटर दृश्यतेच्या धुक्यात पस्तीस मीटरसुद्धा नाही. नाही तर काय करायचे? स्वार स्वतः मोजू शकतो. समोर धुक्यातून एखादा खांब दिसू लागला की सेकंद मोजायला सुरुवात करायची आणि खांबाशी पोहोचताच थांबायचे. ताशी २० किलोमीटरने १८ सेकंद म्हणजे १०० मीटर. आकडा १८ च्या खाली येऊ लागला की रस्ता सोडून बाजूला थांबावे, चहा करावा, धुके विरळ होण्याची वाट पहावी. ७० ऐवजी १०० मीटर धरले ते यासाठी की चालकाचे लक्ष नेहमीच रस्त्यावर असते असे नाही. हा आकडा सह्याद्रीतल्या पावसाळी घाटालाही लागू आहे. तेथे मोटारीचा वेग कमी असतो खरा, पण वळणेही जास्त असतात.

डोळे निकामी झाले तरी कान कामाला येतात. धुके आवाज गिळते असे पूर्वी मानत. टिंडॉल या शास्त्रज्ञाने १८७३ साली इंग्लंडच्या किनाऱ्यावर भोंगे आणि तोफा वाजवून हे तपासले आणि दाट धुक्यातही आवाज चांगला लांब जातो असे दाखवले. आवाजाच्या लाटा मीटरच्या मापाच्या आणि थेंब मायक्रोमीटरच्या मापाचा; लाटेला त्याची दखलही नसते. शिवाय वर उबदार हवेचे झाकण असले की आवाज वर निसटण्याऐवजी वाकून खाली येतो. तेव्हा मागून येणारा ट्रक दिसण्याच्या पुष्कळ आधी ऐकू येतो. कानात गाण्याची बोंडे घालून या रस्त्याने जाणाऱ्यांना काय म्हणावे?

ओले स्पोक, ओली रिम

धुक्यात तासभर सायकल चालवा आणि कुठे किती पाणी जमले ते पहा. भुवया, पापण्या, लोकरी टोपीचे तंतू आणि चाकांचे स्पोक यांच्यावर मोत्यांच्या माळा लागलेल्या असतात. छातीवरचा कोट मात्र त्या मानाने कमी ओला असतो. असे का?

हवा वस्तूला वळसा घालून जाते; थेंबाला जडत्व असल्याने तो थोडा सरळ जाऊ पाहतो. किती सरळ? दहा मायक्रोमीटरचा थेंब सेकंदाला साडेपाच मीटरने स्थिर हवेत सोडला तर दीड-पावणेदोन मिलिमीटरमध्येच तो थांबतो, एवढा तो हलका आहे. म्हणजे वस्तू या अंतराच्या मानाने मोठी असेल तर थेंबाला हवेबरोबर वळायला सवड मिळते. वस्तू बारीक असेल तर तो तिच्यावर आपटतो. स्पोक दोन मिलिमीटरचा, पापणीचा केस त्याहून कितीतरी बारीक. तुमची छाती मात्र तीस-चाळीस सेंटिमीटरची. हेच थेंब सेकंदाला फक्त तीन मिलिमीटरने खाली पडतात. तीनशे मीटर उतरायला त्यांना दिवसाहून जास्त वेळ लागेल. म्हणून धुके पडत नाही, तरंगते.

या किनाऱ्यावरच्या रेडवूड वृक्षांनी ही युक्ती फार पूर्वी साधली आहे. जगातला सर्वांत उंच वृक्ष याच जातीचा, ११५ मीटरहून उंच. उन्हाळ्यात येथे पाऊस जवळजवळ नसतो. पण त्यांच्या बारीक सुयांसारख्या पानांवर धुके जमते आणि टपटप खाली पडते. उत्तर कॅलिफोर्नियात टॉड डॉसन यांनी १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीत, रेडवूडच्या जंगलाला वर्षभरात मिळणाऱ्या पाण्यापैकी सुमारे एक-तृतीयांश पाणी असे धुक्यातून आले होते. रस्ता अशा झाडांखालून गेला की उघड्यावर नसलेला पाऊस झाडाखाली पडतो आहे असा उलटा अनुभव येतो.

ओल्या स्पोकने काही बिघडत नाही. ओली रिम मात्र बिघडवते. खाडीकडे उतरताना, समजा, ५० मीटर उंची उतरायची आहे. शंभर किलोग्रॅमची स्थितिज ऊर्जा ४९ हजार ज्यूलने घटते, आणि ब्रेकने अडवलेला तिचा भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. पण ब्रेकचे रबर आणि रिम यांच्यामध्ये पाण्याचा थर असेल तर पहिल्या काही फेऱ्या तो पुसण्यातच जातात. कोरड्या रिमवर ताशी ३६ किलोमीटरचा वेग १० मीटरमध्ये शून्यावर आणता येत असेल, आणि ओल्या रिमवर मंदन ५ ऐवजी १.५ एवढेच मिळत असेल, तर तेच अंतर ३३ मीटर होते. आपल्याकडच्या क्रोमचा मुलामा दिलेल्या पोलादी रिमवर हा फरक ॲल्युमिनियमच्या रिमपेक्षा जास्त जाणवतो. आता बऱ्याच सायकलींना डिस्क ब्रेक असतात. त्यांची चकती रस्त्यापासून उंच असल्याने कमी भिजते आणि पाणी लवकर झटकते. साधे ब्रेक असतील तर उतार सुरू होण्यापूर्वीच ते हलके दाबून रिम पुसून घ्यावी.

हे शाळेच्या मैदानावर मोजून पहा. खडूने एक रेघ ओढा. ठरावीक जागेपासून पायडल न मारता येऊन रेघेवर फक्त मागचा ब्रेक दाबा आणि थांबण्याचे अंतर टेपने मोजा. पाच वेळा कोरड्या रिमवर, पाच वेळा ओल्या फडक्याने रिम भिजवून. सरासरी काढा. पुढचा ब्रेक या प्रयोगात वापरू नका. मागचे चाक उचलले जाऊन तोंडावर आपटण्याची शक्यता असते.

दुपारनंतर

दुपार होईपर्यंत आपला स्वार पॉइंट अरीनाला पोहोचतो. तेथला दीपस्तंभ १८७० सालचा. १९०६ च्या भूकंपात त्याची मोडतोड झाली आणि १९०८ साली नवा, सिमेंट काँक्रीटचा उभा राहिला. त्या भूकंपाला कारण झालेला सॅन अँड्रियास भूभंग याच भागात जमीन सोडून समुद्रात शिरतो.

एव्हाना धुक्यातून झिरपलेल्या उन्हाने जमीन तापली आहे. तळाची हवा एक-दोन अंशांनी जरी चढली तरी थेंब पुन्हा बाष्प होतात, म्हणून धुके वरून नव्हे तर खालून आणि जमिनीकडच्या कडेने विरते. समुद्रावर मात्र ते भिंतीसारखे उभे राहते. सकाळी लवकर अशी फट पडली, सूर्य पाठीशी आणि धुके समुद्राकडे असले, तर त्यावर पांढरे धनुष्य दिसते. थेंब इतके बारीक की विवर्तनाने प्रत्येक रंगाचा पट्टा रुंद होतो, रंग एकमेकांवर चढतात आणि पांढरे होतात.

ऊन पडताच स्वार कोट काढतो. आतून तो पाण्याने निथळत असतो, आणि हे पाणी धुक्याचे नव्हे. पायडलवर शंभर वॅट देणारे शरीर सुमारे तीनशे वॅट उष्णता बाहेर टाकते. बाहेरची हवा संपृक्त असली तरी घाम वाळतो, कारण तीस अंशांच्या त्वचेलगतची हवा घनमीटरला ३० ग्रॅम बाष्प बाळगू शकते आणि बाहेरच्या हवेत आहे अवघे १०.७ ग्रॅम. पण हे बाष्प कोटाच्या थंड अस्तराला लागले की तेथेच पाणी होते. थोडक्यात, त्याने कोटाच्या आत एक छोटेसे धुके तयार केलेले असते. चढावर कोटाची चेन उघडावी आणि उताराला लागण्यापूर्वी ती लावावी. ओल्या अंगावर उताराचा वारा लागला तर बारा अंशांतही हुडहुडी भरते आणि बधिर बोटांनी ब्रेक नीट दाबला जात नाही.

दिवसाचे सहा तास पायडल मारण्यात गेले तर शरीराने सुमारे साडेआठ मेगाज्यूल, म्हणजे दोन हजारांवर किलोकॅलरी खर्च केल्या. रोजच्या जेवणाव्यतिरिक्त तेवढेच पुन्हा खावे लागते.

दुपारनंतर वारा वाढतो, कारण आतली तापलेली जमीन समुद्राकडची हवा जोराने ओढू लागते. शेवटचे पंचवीस किलोमीटर वारा चांगला पाठीवर असतो आणि सायकल फारशी पायडल न मारता धावते. पण संध्याकाळी ऊन उतरले की जमीन निवते, धुक्याची भिंत पुढे सरकते, आणि वालालाच्या मुक्कामी तंबू ठोकेपर्यंत समुद्र पुन्हा दिसेनासा झालेला असतो. तंबूच्या दोऱ्या बारीक असतात. सकाळी सर्वांत आधी त्यांच्यावरच थेंब दिसतील.